कार्यालयाचे मूत्रपिंडीकरण

आपल्या पोटातली एखादी वस्तू आपल्याच भावाला द्यायची झाली तर सरकारची परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे, याबद्दल कोणाचे दुमत नसावे. उद्या ज्याला जे वाटेल ते तो ज्याला त्याला देऊ लागला, तर देण्याघेण्याला काही शिस्तच राहणार नाही. या शिस्तीसाठीच अवयवदान परवानगी कार्यालय स्थापन झाले. कार्यालयाचे प्रमुख एक सडपातळ, सचोटीचे आणि अत्यंत उत्साही गृहस्थ होते. त्यांना सगळे नुसते साहेब म्हणत. त्यांच्या कारकिर्दीत एकही सदोष परवानगी दिली गेली नव्हती, कारण निर्दोष परवानगी देण्याचा प्रसंगही फारसा आला नव्हता.

याच कार्यालयात एक बहीणभाऊ खेपा घालत होते. बहिणीची कोपऱ्यावर बेकरी होती. अख्खी पेठ तिला ताई म्हणे, आणि ती खऱ्या अर्थाने ज्याची होती तो तिचा भाऊ रंगारी होता. केस पांढरे झाले तरी ताई त्याला छोट्याच म्हणे. छोट्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. एक दिवसाआड त्याला रुग्णालयात नेऊन यंत्राला जोडत, यंत्र त्याचे रक्त धुऊन परत देई, आणि तो घरी येऊन तहानेने व्याकूळ होऊन बसे. कारण आत गेलेले पाणी बाहेर काढणारे कोणी उरले नव्हते. ज्याने आयुष्यभर पाण्याच्या टाक्या रंगवल्या, त्याला दिवसाला एवढेसे पाणी मोजून मिळे. गळक्या नळाकडे तो इतक्या प्रेमाने बघे की बघणाऱ्याला संकोच वाटावा.

ताईची दोन्ही मूत्रपिंडे ठणठणीत होती आणि तपासणीत ती छोट्याला जुळतही होती. तिने एक देऊ केले. छोट्याने साफ नकार दिला.

"नको मला तुझी किडनी. आयुष्यभर ऐकवशील."

"ऐकवणारच. आधी घे तर. दोन आहेत, एकावर भागतं म्हणतात. दुसरी काय शोकेसमध्ये मांडून ठेवू?"

मग त्याने घेतली. म्हणजे तोंडी घेतली. प्रत्यक्षात मध्ये कार्यालय होते. कार्यालयाने प्रथम दोघे सख्खे असल्याचा पुरावा मागितला. त्यावर छोट्या खिडकीपाशी हळूच म्हणाला की पुरावा मिळत नसेल तर राहू दे ना. ताईने तिथल्या तिथे त्याच्या गालात एक ठेवून दिली, आणि त्याने उलट उत्तर न करता निमूट गाल चोळला. खिडकीतल्या कारकुनाने दोघांकडे पाहिले आणि नाते प्रथमदर्शनी सिद्ध झाल्याची नोंद केली. आता फक्त साहेबांची सही राहिली होती. ती सही दोघांनी साहेबांसमोर एकत्र हजर राहिल्यावर व्हायची होती. ताईने परवानगीचा कागद घडी घालून कमरेला खोचला आणि दुसऱ्या दिवशी दोघे येतो म्हणून सांगून ती गेली.

आणि नेमके त्याच संध्याकाळी कार्यालयाचे प्रशिक्षण झाले.

झाले असे की, ज्या विषयाची परवानगी आपण देतो तो विषय अधिकाऱ्यांना ठाऊक असावा, असा एक विचित्र आदेश वरून आला. त्यानुसार रुग्णालयातल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरबाईंना व्याख्यानाला बोलावण्यात आले. छोट्यावर उपचार करणाऱ्या त्याच ह्या. बाई विषयावर जीव टाकणाऱ्या होत्या. येताना त्या मूत्रपिंडाची एक मोठी, मधोमध कापलेली प्रतिकृती घेऊन आल्या आणि बोलता बोलता त्यांचा आवाज असा चढत गेला की मागच्या रांगेत डुलक्या घेणारे कर्मचारी ताठ बसून मान डोलावू लागले.

बाई म्हणाल्या, हे पाहा, मुठीएवढं आहे. पाठीला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, चरबीच्या गादीवर निजवल्यासारखं. उजवीकडचं जरासं खाली सरकलेलं, कारण वर यकृत ऐसपैस बसलंय. त्याबद्दल त्याची तक्रार नाही. हृदयातून निघालेल्या रक्ताचा मोठा वाटा सतत यांच्याकडे येतो. आत लाखो गाळण्या आहेत, एवढाल्याशा. प्रत्येक गाळणीत केशवाहिन्यांचा एक गुंता असतो. त्यात रक्त शिरतं ते रुंद वाटेने आणि निघतं ते अरुंद वाटेने. म्हणून आत दाब तयार होतो आणि त्या दाबाने रक्तातलं पाणी, मीठ, साखर, कचरा, जे जे बारीक आहे ते सगळं फटींतून पलीकडच्या नळीत उतरतं. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी. ती फटीतून जात नाहीत, ती रक्तातच राहतात.

इथे साहेबांनी हात वर केला. त्यांना वाटत होते की मूत्रपिंड रक्तातली घाण शोधून काढत असेल. जशी आपण अर्जातली त्रुटी शोधतो.

"छे हो," बाई म्हणाल्या. "घाण किती तऱ्हेची असेल, कोण सांगणार? माणूस उद्या काय गिळेल याचा भरवसा नाही. प्रत्येक घाण ओळखत बसायचं म्हटलं तर काम कधी होणार? मूत्रपिंड त्या भानगडीतच फारसं पडत नाही. ते जवळजवळ सगळं आधी बाहेर टाकतं. मग नळीतून जाताजाता जे हवं ते परत उचलून घेतं. उरतं, ते जातं."

साहेब उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज आले होते. आयुष्यभर आपण त्रुटी शोधण्यात घालवले, आणि इकडे आपल्याच पाठीमागे, दोन्ही बाजूंना, इतकी सोपी कार्यपद्धती अहोरात्र चालू होती. त्यांनी बाईंकडून ती प्रतिकृती मागून घेतली. दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दर्शनी भागावर नवे ब्रीद रंगवण्यात आले: आधी सगळे बाहेर.

ताई आणि छोट्या सकाळी आले तेव्हा इमारत बंद होती आणि आत गवंडी काम करत होते.

नूतनीकरण प्रतिकृतीबरहुकूम झाले. कंत्राटदाराने सरळ व्हरांडा सुचवला होता; साहेबांनी त्याला मूत्रपिंडात एक तरी सरळ नळी दाखव म्हणून सांगितले. समोर एक रुंद दार बसवले, मध्ये एक गोल दालन, आणि पलीकडे बाहेर पडायला एक अरुंद दार. दालनाच्या एका बाजूची भिंत पाडून तिथे खांबांची गाळणी उभी केली आणि खांबांच्या पायथ्याशी शिपायांना बसवले. मूत्रपिंडातल्या गाळणीवर बाहेरून पेशी बसलेल्या असतात आणि त्यांचे पाय एकमेकींच्या पायांत गुंतलेले असतात, असे बाईंनी सांगितले होते. त्याप्रमाणे शिपाई एकमेकांच्या पायांत पाय अडकवून ओळीने बसू लागले. कामाच्या वेळेत पाय पसरून बसण्याचा लेखी आदेश त्यांना आयुष्यात प्रथमच मिळाला होता. त्यांनी सुधारणेचे मनापासून स्वागत केले.

रुंद दारातून लोक आत ढकलले जात. अरुंद दारातून तेवढे बाहेर पडू शकत नसत. दाब वाढे, आणि जे बारीक असत ते शिपायांच्या पायांमधल्या फटींतून सटकून पलीकडच्या व्हरांड्यात पडत. जे मोठे असत ते दालनातच राहत आणि सावकाश अरुंद दाराने स्वागतकक्षात जात. तिथे गाद्यांच्या खुर्च्या होत्या आणि चहा होता. मोठी माणसे म्हणजे मागेपुढे चार जण घेऊन चालणारी. ती फटीत मावणार कशी? एकदा एक प्रतिष्ठित गृहस्थ धक्काबुक्कीत आपल्या माणसांपासून तुटून चुकून व्हरांड्यात पडले, तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला. प्रथिने बाहेर जाऊ लागली की मूत्रपिंड बिघडले असे समजावे, हे बाईंचे वाक्य सर्वांच्या लक्षात होते. गृहस्थांना उचलून परत आत घातले, दोन शिपायांना पाय सैल सोडल्याबद्दल समज दिली आणि साहेब दोन दिवस जेवले नाहीत.

ताई आणि छोट्याची इथेच ताटातूट झाली. छोट्या आजाराने काटकुळा झालेला. पहिल्याच दाबासरशी तो फटीतून पलीकडे गेला. ताई वर्षानुवर्षे स्वतःच्या बेकरीची गुणवत्ता स्वतः तपासत आलेली. ती कुठल्याच फटीत मावेना. ती अरुंद दारानेच, तीही मोठ्या प्रयत्नाने, स्वागतकक्षात पोहोचली. इतकी ऐसपैस बाई इथवर आली म्हणजे कोणीतरी असणार, असे समजून तिला चहा देण्यात आला. तिने पुष्कळ सांगितले की माझा भाऊ पलीकडे पडलाय, मला पलीकडे टाका. त्यावर एका नम्र कर्मचाऱ्याने तिला समजावले की आपण फार मोठ्या आहात, आपल्याला बाहेर टाकणे आम्हाला शक्य नाही.

छोट्यापुढे आता व्हरांडा होता. व्हरांड्याच्या सुरुवातीलाच पहिले टेबल. तिथे बसणाऱ्या बाईंकडे बहुतेक सगळे परत उचलून घेण्याचे काम होते, कारण मूत्रपिंडातही नळीच्या पहिल्याच वळणावर बहुतेक माल परत घेतला जातो. कार्यालयाला उपयुक्त ते आत, बाकीचे पुढे, असा नियम. छोट्याकडे एक छत्री होती, एक पेन होते आणि ताईने साहेबांसाठी दिलेला बिस्किटांचा डबा होता. पहिल्या टेबलाने छत्री परत घेतली, पेन परत घेतले, बिस्किटांचा तर कण खाली पडू दिला नाही. निरोगी मूत्रपिंडही साखर पुढे जाऊ देत नाही. मग बाईंनी छोट्याकडे पाहून विचारले की तुमचा कार्यालयाला काय उपयोग. छोट्या म्हणाला, मला तुमचा उपयोग हवा होता. बाईंनी त्याला पुढे सरकवले.

हा नियम नीट पाहिला तर किती काटेकोर होता ते लक्षात येते. ज्याला कार्यालयाकडून काही हवे आहे, त्याचा कार्यालयाला उपयोग काय? म्हणजे गरजू तेवढे पुढे गेले आणि बिनगरजू तेवढे परत आत घेतले गेले. पंखा दुरुस्त करणारा आत घेतला गेला. रोज फुकट वर्तमानपत्र वाचायला येणारे एक निवृत्त गृहस्थ आत घेतले गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातात त्यांनी न मागितलेली यकृतदानाची परवानगी पडली. ते इतके घाबरले की पुन्हा त्या रस्त्याने फिरकले नाहीत.

पहिल्या टेबलानंतर जिना खाली तळघरात जाई आणि तळघरातून लगेच वर येई. खाली काही काम नव्हते. पण मूत्रपिंडातली नळीही अशीच खारट खोलीत बुडी मारून परत वर येते, म्हणून तळघरात मिठाची पोती रचून ठेवली होती. तहानलेला छोट्या त्या पोत्यांमधून ओठ चाटत जाई आणि वर आला की बाकीच्या टेबलांवर "उपयोग?" या प्रश्नाला गप्प राहून उत्तर देई. शेवटी मागचे अंगण. तिथे न उचललेली माणसे जमत. अंगण भरल्याशिवाय फाटक उघडत नसे. भरले की उघडे, आणि सगळे एकदम मागच्या गल्लीत पडत. तिथे ताई उभी असे.

असे रोज चालले. ताईच्या मनात आले की बिस्किटे कमी पडत असावीत. तिने डबे वाढवले. पेठेतल्या बाकीच्या गरजूंनी ते पाहिले आणि त्यांनीही डबे वाढवले. एक दिवस पहिल्या टेबलाची परत घेण्याची क्षमता संपली. बाईंचे दोन्ही हात, दोन्ही कप्पे आणि पदर भरून गेला आणि केक, बिस्किटे, गोड पाव व्हरांड्यातून वाहत तळघरात आणि तिथून मागच्या अंगणात जाऊ लागले. साहेबांनी घाबरून डॉक्टरबाईंना फोन केला.

"साखर बाहेर जातेय?" बाईंनी पलीकडून, दुसऱ्याच कोणाचा तरी रिपोर्ट वाचत, विचारले. "मग रक्तात फार झाली असणार. मधुमेह. पथ्य पाळायला सांगा आणि चालायला."

त्या दिवसापासून कार्यालयाला मधुमेह असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. रुंद दारावर गोड पदार्थांना बंदी आली आणि सर्व कर्मचारी कामाच्या वेळेत इमारतीला प्रदक्षिणा घालू लागले. शिपाई तेवढे सुटले. त्यांचे पाय गुंतलेले होते.

याहून मोठे दुखणे पुढेच होते. आधी सगळे बाहेर, या ब्रीदाप्रमाणे खोल्यांतली कपाटेही बाहेर काढली होती. ती कोणी परत उचलली नाहीत आणि हळूहळू रुंद दारातच साठली. आत येणारी माणसे कमी झाली. व्हरांडा वर येऊन जिथे पुन्हा गोल दालनाला टेकतो, तिथे एक छोटी खिडकी होती आणि ओघ कमी झाला की ओरडून सांगणे एवढेच तिथल्या कारकुनाचे काम होते. मूत्रपिंडातही नळी वळून आपल्याच गाळणीपाशी येते आणि बातमी देते. कारकून ओरडला. साहेबांनी दाराकडे न बघता निष्कर्ष काढला की जनता आटली आहे. दाब वाढवला पाहिजे. त्यांनी वर कळवले आणि वरून आदेश निघाला: शरीरापासून वेगळी होणारी प्रत्येक गोष्ट यापुढे परवानगीच्या कक्षेत.

न्हाव्यांची दुकाने बंद पडली. दात हलणारी माणसे हनुवटी धरून रांगेत आली. नखे वाढलेली, केस वाढलेली, एकमेकांना ओरबाडणारी गर्दी पेठेच्या पार टोकापर्यंत गेली आणि मागून मागून ढकलू लागली. शहराच्या नसा ताठ झाल्या. घराघरांतून लोकांचे आवाज चढले. ताईच्या बेकरीच्या काचेला माणसे आतल्या पावांसारखी चिकटून बसली होती.

डॉक्टरबाई या गर्दीतून दोन कंपाउंडरांच्या खांद्यांवरून आल्या, दारापाशी उतरल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कपाटं हलवा."

मग त्यांनी समजावून सांगितले की मूत्रपिंडाचीही हीच एक खोड आहे. त्याच्याकडे येणारी नळी अरुंद झाली तर त्याला वाटते की शरीरातच रक्त कमी आहे, आणि ते सगळ्या शरीराचा रक्तदाब वाढवून ठेवते. अडथळा त्याच्या स्वतःच्या दारात असतो आणि शिक्षा साऱ्या अंगाला.

साहेबांचे डोळे भरून आले. "म्हणजे बाई, आपण चूकसुद्धा हुबेहूब केली."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग जाताजाता त्यांनी गर्दीत ताईला शोधून बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले की छोट्याच्या अंगाला सूज चढू लागली आहे, यंत्र आता पुरेसे पडत नाही, आणि फार दिवस थांबण्यासारखे नाही. ताईने ऐकून घेतले. तिने कमरेला खोचलेला कागद चाचपून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सुधारणेने आपला शेवटचा टप्पा गाठला. साहेब प्रामाणिक होते. सगळे म्हणजे सगळे, असे त्यांचे मत होते. कर्मचारीही रोज सकाळी रुंद दाराने आत येत, फटीतून पडत आणि टेबलाटेबलांवर एकमेकांना परत उचलून घेत. त्या दिवशी साहेबांनी स्वतःपासून सुरुवात करायचे ठरवले. सडपातळ बांधा, एकाच धक्क्यात ते शिपायांच्या पायांमधून सटकून व्हरांड्यात पडले आणि कपडे झटकत पहिल्या टेबलासमोर उभे राहिले. बाईंनी त्यांचे पेन परत घेतले, चष्म्याचे घर परत घेतले आणि विचारले:

"कार्यालयाला उपयोग?"

"मी कार्यालयाचा प्रमुख आहे."

"ते पद झालं साहेब. उपयोग विचारलाय."

बाई टोमणा मारत नव्हत्या. त्या परिपत्रकाप्रमाणे चालल्या होत्या. साहेबांनी विचार केला. त्यांनी खरोखर मनापासून विचार केला, तोवर मागच्या माणसाने त्यांना पुढे ढकलले. मिठाच्या पोत्यांपाशी ते थांबून आणखी थोडा विचार करू लागले, पण तिथे गर्दी होत होती. पुढच्या टेबलांवर त्यांनी कामाचा अनुभव सांगितला, सचोटी सांगितली, एकही सदोष परवानगी दिली नसल्याचे सांगितले. कोणी काही उचलले नाही. कार्यालयाचे काम त्या दिवशीही नेहमीसारखेच चालू होते.

अंगणात सूज आलेले पाय पसरून छोट्या भिंतीला टेकून बसला होता. त्याने सरकून जागा दिली.

"बसा. भरल्याशिवाय फाटक उघडत नाही."

"हे कोणी ठरवलं?"

"तुम्ही."

साहेब बसले. मग साहेबांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, समोरच्याला विचारले की तुमचं काय काम होतं.

"सही हवी होती," छोट्या म्हणाला.

"कोणाची?"

छोट्याने त्यांच्याकडे पाहिले आणि त्याला हसू आले. एवढे हसू आले की ते आवरेना. सुजलेले पोट धरून तो हसत राहिला. साहेबही आधी अवघडून आणि मग खो खो हसू लागले. आजूबाजूची वाढलेल्या केसांची आणि हलणाऱ्या दातांची मंडळीही कशाला ते न कळता हसू लागली. त्या हसण्याच्या दाबाने फाटक उघडले आणि सगळे गल्लीत पडले, ते ताईच्या पायांशी.

ताईने कागद काढला. ऑर्डरी लिहायला कानावर खोचलेले पेन काढले. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांना शंका आली. आपण आता कार्यालयात नाही, रीतसर बाहेर टाकलेले आहोत. अशा माणसाची सही चालेल का?

"साहेब," ताई म्हणाली, "याला मी लहानपणी गालात मारून मारून जेवायला घातलंय. माझा हात अजून चालतो. तुम्ही सही करा."

दोघे साहेबांसमोर एकत्र हजर होते. नियमाची पूर्तता झाली होती. छोट्याच्या पाठीवर कागद ठेवून साहेबांनी सही केली. छोट्याला गुदगुल्या झाल्याने ती थोडी वाकडी आली, पण रुग्णालयाने ती पाहिली आणि काही विचारले नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी साहेबही रुग्णालयात येऊन बसले, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. कार्यालयात त्यांची अनुपस्थिती अजून कोणाच्या लक्षात आली नव्हती. बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई तोंडावरचे फडके खाली ओढत बाहेर आल्या आणि त्यांचा आवाज व्याख्यानातल्यासारखाच चढलेला होता. ताईचे मूत्रपिंड छोट्याच्या पोटात बसवले, रक्त सोडले, आणि ते फिकट पडलेले पिंड बघता बघता गुलाबी झाले. अजून टाके घालायचे होते, तोवरच त्याने काम सुरू केले. थेंब आला, मग दुसरा, मग धार लागली. लघवी पाहून इतकी शिकलेली माणसे एकमेकांचे हात दाबत उभी होती. एका परिचारिकेने डोळे पुसले.

ऐका, यात गंमत कशी आहे. इतकी वर्षे ते पिंड ताईच्या पाठीशी होते. आज ते दुसऱ्याच्या पोटात गेले. बदलीचा आदेश नाही, रुजू झाल्याचा अहवाल नाही, आधी खुर्ची दाखवा मग काम सांगा असे नाही. कोणाचे रक्त आहे, ते मोठे की छोटे, याची चौकशी नाही. आले ते गाळले, हवे ते परत दिले, नको ते सोडून दिले. ज्या कारागिराने हे घडवले त्याने त्याच्यावर ब्रीदवाक्य रंगवले नव्हते. हात जोडावेत असे काही असेल तर ते हेच, आणि तेही आपल्याच पाठीमागे, चरबीच्या गादीवर, न बोलता.

ताईला शुद्ध आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला की छोट्या पाणी प्यायला का. प्यायला होता, थोडे थोडे प्या म्हणून सांगितले होते आणि तो पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. मग तिने त्याला निरोप पाठवला की किडनी माझी आहे, नीट सांभाळ, आणि ऐकवण्याला रीतसर सुरुवात झाली.

बाहेर साहेब डॉक्टरबाईंना विचारत होते की जुनी निकामी दोन काढून टाकली ना?

"नाही," बाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा ती तिथेच ठेवतात. काढायला गेलं तर उगाच आणखी चिरफाड. नवीन पुढच्या बाजूला, खाली पोटात बसवायचं. जुनी राहतात आपली मागे, हळूहळू आक्रसत."

एवढे बोलून बाईंनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे पुन्हा तेज येत होते. आपण हे सांगायला नको होते, असे त्यांना वाटले. पण फार उशीर झाला होता.

आता जुने कार्यालय आहे तिथेच आहे. रुंद दार आहे, अरुंद दार आहे, मिठाची पोती आहेत, कर्मचारी सकाळी एकमेकांना परत उचलून घेतात आणि शिपाई पाय गुंतवून बसतात. ते काहीही करत नाही, पण ते काढायला गेलो तर फार चिरफाड होईल. नवे कार्यालय पुढच्या बाजूला, रस्त्याच्या पलीकडे, एका खोलीत आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ. साहेब स्वतः बसतात. माणूस येतो, बोलतो, साहेब दोन प्रश्न विचारतात आणि योग्य असेल तर सही करतात. म्हणजे माणूस आला तर असे होईल. अजून कोणी आलेले नाही.

तुम्ही एवढा वेळ हसत होता, म्हणून सांगतो. परवा त्या जुन्या इमारतीच्या रुंद दारासमोर माझ्या पुढे तुम्हीच उभे होता. मी तुम्हाला रस्त्यापलीकडची खोली दाखवली. दार सताड उघडे होते, साहेब पेनाचे टोपण काढून आपल्याकडे आशेने बघत होते. तुम्ही वळून पाहिलेत, थोडा विचार केलात आणि म्हणालात की जिथे रांग नाही तिथे काय काम होणार हो. मग पुढच्याच्या पाठीला आणखी चिकटलात आणि मान न वळवता मला म्हणालात, "जरा मागून ढकला."